शिकारीचं रान ते गव्यांचं घर : शाहू महाराज आणि दाजीपूरच्या जंगलाची गोष्ट

पावसाळ्यात एक बातमी आपल्या मोबाईलवर हमखास येते. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, भोगावतीत विसर्ग वाढला, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. बातमी वाचली की काठावरचे शेतकरी मोटारी वर काढायला पळतात. हिवाळ्यात दुसरी बातमी येते. अमुक गावाच्या शिवारात गव्यांचा कळप उतरला, उसाचं नाहीतर शाळूचं नुकसान झालं.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे चटकन लक्षात येत नाही. पण दोन्हीचं मूळ एकाच डोंगरात आहे आणि शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच माणसाच्या आयुष्यात आहे. तो माणूस म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज.

महाराजांचं आरक्षण, शिक्षण, वसतिगृहं आणि कुस्ती यांबद्दल आपण दर जयंतीला ऐकतो. जंगलाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य ज्या रानात झालं, ते दाजीपूरचं रान त्यांच्या काळात संस्थानची राखीव शिकारीची जागा होती. शिकारीसाठी राखलेल्या रानात प्राणी कसे वाचले, हे समजायला महाराजांचं आयुष्यच सुरुवातीपासून बघावं लागतं.

कागलचा यशवंत

महाराजांचा जन्म २६ जून १८७४चा. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा, नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. यशवंत जेमतेम तीन वर्षांचा असताना आई गेली.

तिकडे कोल्हापूरच्या गादीवर संकट आलं होतं. चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत असताना १८८३च्या डिसेंबरात वारले. गादीला वारस नव्हता. राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू ठेवलं. दहा वर्षांचाही नसलेला पोरगा एका दिवसात राजा झाला. दोनच वर्षांनी वडीलही गेले.

पुढचं शिक्षण राजकोटला राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालं. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याचा कारभार प्रत्यक्ष हातात आला, तेव्हा महाराज वीस वर्षांचेही नव्हते.

तगडा गडी, शिकारीचा नाद

अंगानं महाराज धिप्पाड होते. तालीम, कुस्ती, घोडा, हत्ती या सगळ्यांचा त्यांना नाद. कोल्हापूरचं खासबाग मैदान त्यांनीच उभं केलं. हत्तींची साठमारी त्यांच्या काळात गाजली. राधानगरीतला हत्तीमहाल आजही त्या दिवसांची आठवण देतो.

आणि शिकार तर जीव की प्राण. माळरानावर काळवीट मारायला संस्थानात शिकवलेले चित्ते पाळलेले असायचे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवरून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की टोपी काढायची आणि सोडायचं. डोंगराकडे रानडुक्कर, सांबर, गवा, बिबट्या, वाघ. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे शिकाऱ्याचा स्वर्गच होता.

आजच्या नजरेनं हे वाचताना खटकतं. पण त्या काळात राजानं शिकार करणं ही जगरहाटी होती. हिंदुस्थानातल्या बहुतेक संस्थानांत हेच चाललेलं होतं. महाराजांना आजच्या अर्थानं पर्यावरणवादी म्हणणं खरं होणार नाही. ते शिकारी होते, हे सरळ मान्य करून पुढं जावं.

शिकारीसाठी रान राखायचं तर काही नियम पाळावे लागतात. रानात कुणीही कुऱ्हाड घेऊन घुसायचं नाही. परवानगीशिवाय बंदूक चालवायची नाही. रान पेटवायचं नाही. संस्थानचे रखवालदार फिरत राहायचे. त्यामुळं गव्याला वर्षातून काही दिवस धोका, पण बाकीचं वर्ष चारा, पाणी आणि शांतता मिळायची. शेजारच्या उघड्या रानांत लाकूड तुटत गेलं, कुणीही शिकार करत गेलं. राखीव रान मात्र टिकलं.

यातला फरक बघायचा असेल तर चित्त्याकडे बघा. माळरान कुणी राखलं नाही. माळ नांगराखाली गेले, काळवीट घटलं, चित्ता संपत गेला. पुढं पुढं तर कोल्हापूरसारख्या संस्थानांना शिकारीचे चित्ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. डोंगरातला गवा मात्र राहिला. राजा तोच, नाद तोच. पण एका प्राण्याचं घर मोडलं आणि दुसऱ्याचं राहिलं.

दुष्काळानं शिकवलेला धडा

कारभार हाती आल्यावर दोनच वर्षांत महाराजांसमोर दुष्काळ उभा राहिला. १८९६-९७चा दुष्काळ, त्याच्या पाठोपाठ प्लेग, आणि लगेच १८९९-१९००चा मोठा दुष्काळ. महाराज गावोगाव फिरले. स्वस्त धान्याची दुकानं उघडली, तगाई दिली, लोकांना काम मिळावं म्हणून विहिरी आणि रस्त्यांची कामं काढली. जनावरं जगवण्यासाठी छावण्या केल्या.

पण एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली असावी. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरात पाऊस कोसळतो आणि पूर्वेच्या गावांत प्यायला पाणी नाही. गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरात पडणारा पाऊस कोल्हापूर शहरातल्या पावसाच्या कितीतरी पट असतो. हे पाणी चार महिन्यांत नदीनं वाहून जातं आणि उन्हाळ्यात त्याच नदीत वाळू दिसते.

१९०२ साल महाराजांच्या आयुष्यातलं मोठं साल. त्या वर्षी ते एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्याच वर्षी २६ जुलैला मागास समाजासाठी सरकारी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. आणि त्याच वर्षी संस्थानचं पाटबंधारे धोरण ठरलं. त्यासाठी वेगळा अधिकारी नेमला गेला, विहिरी-तळ्यांची पाहणी सुरू झाली. आरक्षणाचा आदेश सगळ्यांना माहीत आहे, पाण्याचा निर्णय फार थोड्यांना.

लेकीच्या नावाचं गाव, राणीच्या नावाचं तळं

पाहणीतून जागा ठरली ती भोगावती नदीवर, दाजीपूरच्या रानाला लागून, फेजिवडे गावाजवळ. १९०८-०९च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं. जवळ पेठ वसवली, तिला महाराजांची मुलगी राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचं नाव दिलं. ती आजची राधानगरी. धरणाच्या जलाशयाला राणी लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं, तो लक्ष्मी तलाव. जलाशयात उभी असलेली बेनझीर व्हिला ही इमारतही महाराजांच्याच काळातली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती दिसते.

जरा विचार करा. तेव्हा जेसीबी नव्हते, डंपर नव्हते. दगड फोडायला छिन्नी-हातोडा, ओढायला बैल. आठ महिने काम आणि पावसाळ्यात डोंगर धुक्यात गडप. एका छोट्या संस्थानानं स्वतःच्या तिजोरीतून एवढं मोठं धरण बांधायला घेणं, हे त्या काळी धाडसच होतं.

तिजोरी पुरली नाही. भिंत काही उंचीपर्यंत आली आणि पैशाअभावी काम थांबलं. महाराजांनी आपलं धरण पूर्ण झालेलं पाहिलं नाही. ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्य मिळून पुढची काही वर्षं जावी लागली. आज त्याची साठवण ८.३६ टीएमसी आहे. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की पाण्याच्या दाबानंच ते उघडतात. पायथ्याला वीज होते. भोगावतीचं पाणी पुढं पंचगंगेला मिळतं आणि नृसिंहवाडीला कृष्णेला. वाटेत कोल्हापुरी बंधाऱ्यांत अडतं आणि उसाला, प्यायला पुरतं.

धरणाला जंगल लागतं, हे साधं गणित आहे. डोंगर उघडा पडला की पावसाबरोबर माती वाहून येते आणि तलाव गाळानं भरतो. दाजीपूरच्या रानात ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन यांची दाटी आहे, खाली कारवी आणि पालापाचोळ्याचा थर. हा थर पाऊस आधी जिरवतो, मग हळूहळू झऱ्यांतून सोडतो. जंगल शिकारीसाठी राखलं होतं, धरण शेतीसाठी. पण दोन्ही शेजारी आल्यावर जंगलानं धरण सांभाळलं, आणि धरणाच्या पाणलोटामुळं जंगल राखायला आणखी एक कारण मिळालं.

रानातली माणसं

महाराज शिकारीला फिरत असत तेव्हा त्यांना रानात फक्त जनावरं भेटत नव्हती. फासेपारधी भेटत होते. इंग्रजी कायद्यानं या जमातीवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारलेला. रोज पोलीस पाटलाकडे किंवा चौकीत हजेरी द्यायची. कामधंदा कोण देणार? पोट भरायला चोरी, आणि चोरी केली की पुन्हा शिक्का.

महाराजांनी या लोकांना कोल्हापूरजवळ सोनतळीला आणलं, राहायला जागा दिली, काम दिलं. काहींना पहारेकरी केलं. लोक चोर म्हणत होते त्यांच्याच हाती राखण दिली. १९१८ साली हजेरीची पद्धत संस्थानात बंद केली. त्याच वर्षी महार वतन रद्द करण्याचा हुकूम निघाला. पुढं वेठ, म्हणजे फुकट राबवून घेण्याची चालही बंद झाली. राजाचा किंवा साहेबाचा मुक्काम पडला की गावच्या गरिबानं ओझी वाहायची, चाकरी करायची आणि मोबदला मागायचा नाही, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं होतं. मोबदला न देता कुणाला राबवायचं नाही, हा नियम राजानंच केला.

शिकारीनंच घेतलेला पोर

१९१८ सालीच महाराजांवर सर्वात मोठा घाव बसला. धाकटे चिरंजीव शिवाजी जूनमध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि त्यातच गेले. एकोणीस वर्षांचं वय. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सून इंदुमती अवघी बारा वर्षांच्या आसपासची.

ज्या नादात बापानं आयुष्य घालवलं, त्याच नादानं पोरगा नेला. या दुःखातही महाराजांनी एक गोष्ट केली. घरातल्यांचा विरोध असताना विधवा सुनेला सोनतळीला ठेवून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्या काळी राजघराण्यातल्या विधवेनं शिकणं म्हणजे मोठी गोष्ट होती. याच इंदुमती राणीसाहेबांनी पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम केलं.

त्यानंतर महाराजांची तब्येत ढासळत गेली. मधुमेह होता, मन खचलं होतं. तरी कामं थांबली नाहीत. १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला उघड पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पन्नाशीही गाठली नव्हती. अठ्ठावीस वर्षांचा कारभार, आणि मागं अर्धवट राहिलेलं धरण आणि राखलेलं रान.

राजाचं रान सरकारचं झालं

महाराजांनंतर राजाराम महाराज गादीवर आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजा गेला, राजाचं शिकारीचं रानही सरकारजमा झालं. अशा वेळी अनेक संस्थानांची रानं लुटली गेली. रखवालदार गेले की कुऱ्हाडी आत शिरतात, हा सगळीकडचा अनुभव.

दाजीपूरचं नशीब बरं. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं. आजच्या महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि गव्याची शिकार देशभर कायमची बंद झाली. १९८५ साली अभयारण्याचा विस्तार झाला. राधानगरीबरोबर दूधगंगेच्या काळम्मावाडी धरणाचा परिसरही त्यात आला आणि क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरच्या वर गेलं. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यात कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीही आहे.

आज या रानात गव्यांचे कळप आहेत, शेकरू आहे, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आहे. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी. उत्तरेला चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि दक्षिणेला गोवा-कर्नाटकातली जंगलं. मधला दुवा म्हणजे राधानगरीचा डोंगर. वाघाला दक्षिणेकडून वर यायचं तर हीच वाट.

किंमत कोण देतं?

हे सगळं अभिमानाचं आहे. पण या जंगलाची किंमत आधी डोंगरातल्या माणसानं दिली आणि आजही तोच देतो, हे विसरून चालणार नाही. धरणाखाली जमिनी त्याच्या गेल्या. रान राखीव झालं तेव्हा सरपण, चराई, मध, हिरडा यांवर बंधनं त्याच्यावर आली. आज गवा उतरतो तो त्याच्याच शिवारात. एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. पाणी मात्र खाली सखल भागात उसाला मिळतं.

गवा तरी काय करणार? उन्हाळ्यात सड्यावरचं गवत वाळतं, पाणवठे आटतात, आणि जंगलाच्या कडेला हिरवागार ऊस उभा असतो. गव्यांचे कळप कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आलेले लोकांनी पाहिले आहेत. अशा वेळी जमाव करून, मोबाईल घेऊन मागं पळणं जिवावर बेततं. टनभर वजनाचं जनावर बिथरलं की समोर कोण आहे ते बघत नाही. त्याला वाट मोकळी ठेवली तर ते आलं तसं परत जातं.

पीक गेलं तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाईचा अर्ज करावा. ती भीक नाही, आपला हक्क आहे. जंगलाच्या कडेच्या गावांनी गुरांना लाळ्या-खुरकूताची लस वेळेवर टोचून घ्यावी. आपल्या गुरांचा रोग गव्यांत गेला तर अख्खा कळप धोक्यात येऊ शकतो. वणवा लावू नये. कारवीला सात-आठ वर्षांनी एकदाच फूल येतं, आणि एका वणव्यात ते सगळं जळून जातं.

शाहू महाराजांनी आयुष्यभर एक काम केलं. जे मूठभरांपुरतं बंद होतं ते सगळ्यांसाठी उघडलं. शाळा उघडल्या, नोकऱ्या उघडल्या, वसतिगृहं उघडली. फक्त जंगल त्यांनी बंद ठेवलं, आणि तेही स्वतःच्या हौसेसाठी. ते बंद राहिलं म्हणून गवा वाचला, हेही खरंच. पण आता ते रान राजाचं नाही, तुमचं-आमचं आहे. रखवालदार किती ठेवले तरी ३५१ चौरस किलोमीटर त्यांच्या एकट्याच्यानं राखली जाणार नाही. ती कडेच्या गावांनीच राखायची आहेत. म्हणून पर्यटनाचा पैसा, गाइडची कामं, होमस्टे, मध आणि रानमेव्याचा धंदा यांत पहिला वाटा त्या गावांचा असायला हवा, आणि नुकसानभरपाई हेलपाटे न मारता मिळायला हवी. फासेपारध्याच्या हाती राखण देताना महाराजांनी त्याला आधी घर आणि काम दिलं होतं. गव्याच्या शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्यालाही राखणदार व्हायला सांगायचं, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.